सोपटाची पट्टी

"मामा, हात काढा की. गाडी आपोआप थांबते."

आपोआप! मग तेरा वर्षं मी काय गवत उपटत होतो? तनुजा हे सगळ्यांसमोर बोलली आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

शाळांच्या स्पर्धेसाठी पोरं लाकडाच्या छोट्या रेसच्या गाड्या बनवतात आणि उतरत्या फळीवरून सोडतात. पण टोकाला गाडी थांबवणार कोण? भिंतीवर आपटली तर दोन महिन्यांची मेहनत खलास. म्हणून मी, लातूरच्या शाळेतला प्रयोगशाळेचा शिपाई निवृत्ती, टोकाला उकिडवा बसायचो. जुन्या धोतराची घडी हातांत धरायची आणि गाडी आली की हात तिच्यासोबतच मागं न्यायचे. आमचे सर पाहुण्यांना सांगायचे, "मामांच्या हातात एकही चाक मोडलेलं नाही." मला ते वाक्य पगारवाढीपेक्षा गोड लागायचं.

यंदा स्पर्धा नांदेडला. आणि ही तनुजा, अर्धापूरच्या शाळेतली माझ्यासारखीच शिपाई, नोकरीला लागून पुरतं वर्ष झालेलं नाही, घरच्या केळीचं सोपट, म्हणजे खोडाची जाड साल, घेऊन आली. त्याची ओली, फुगीर पट्टी तिनं फळीच्या टोकाला मधोमध बसवली. गाडी आली, पोट पट्टीवर चढलं, चाकं अधांतरी फिरत राहिली आणि गाडी थांबली. साधा ओरखडा नाही.

"नाकाला धरायचंच न्हाई मामा, पोटाखालून धरायचं," ती हसत म्हणाली.

स्पर्धेचे प्रमुख शेषेराव सर खूश. "फायनलला हीच पट्टी! मामा, तुम्ही आता निवांत बसा."

निवांत बसा म्हणे. माझ्या धोतराच्या घडीकडं कुणी बघितलंही नाही. खोटं कशाला बोलू, मी जळलो, पार कोळसा झालो.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खिचडीला पळाले. मी पट्टी काढली आणि सायकल स्टँडच्या तापलेल्या पत्र्यावर टाकली. जेवणानंतर पाहुण्यांची भाषणं लांबली, तेवढा वेळ मला पुरला. पट्टी सुकून पापडासारखी चपटी झाली. गुपचूप आणून जागेवर बसवली. म्हटलं, आता बघतोच पोरीची ऐट.

पहिली चिठ्ठी निघाली ती आमच्याच शाळेच्या उर्वीची. आठवीतली पोर. सकाळीच विचारून गेली होती, "मामा, टोकाला तुम्हीच हायत ना?" थांबा म्हणून ओरडावं वाटलं, पण तोंडच उघडेना.

गाडी सुटली. पट्टीवरून सपकन पुढं गेली. मी टोकाजवळच्या खुर्चीतून झेप टाकली, गुडघे फरशीवर सडकून आपटले, पण गाडी माझ्या ओंजळीत होती. चारही चाकं शाबूत.

केवढ्या टाळ्या! शेषेराव सर म्हणाले, "शेवटी हात ते हातच! काढा ती पट्टी. मामा, बसा टोकाला."

हेच तर मला पाहिजे होतं. तनुजा खाली वाकून पट्टी काढायला लागली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, गुडघ्याला लई लागलं का हो? माझंच चुकलं. सकाळी चांगली भिजवली होती, कशी सुकली काय माहीत."

टाळ्या अजून चालूच होत्या.

"तुझं न्हाई चुकलं," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. "मीच उन्हात टाकली होती. बघवलं न्हाई मला."

टाळ्या थांबल्या. उर्वी माझ्याकडं बघत राहिली. तिची गाडी मी तिच्या हातात दिली, पण मान वर करवली नाही.

"दुसरं सोपट हाय का?" मी तनुजाला विचारलं.

"हाय. बादलीत."

तिनं नवी पट्टी आणली. एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. बसवून झाल्यावर मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. उर्वीची गाडी पुन्हा सुटली, पट्टीवर चढली आणि हळूच थांबली. चाकं थोडा वेळ फिरत राहिली. माझे हात मांडीवरून आपसूक वर आले होते. मी धोतराची घडी उलगडली आणि गुडघ्याला बांधली.