डबीतली हळद

पितळी डबीचं झाकण पदर गुंडाळून फिरवलं तेव्हा कुठं सुटलं, आणि जेजुरीच्या भंडाऱ्याचा कोरडा, पिवळा वास सिंधूबाईच्या नाकात शिरला... हाच वास आता माऊलीच्या तळहाताला लागायचा होता. ग्रामपंचायतीपुढं, गावादेखत, बेलभंडार उचलून तिच्या लेकानं म्हणायचं होतं – जयंतीच्या मिरवणुकीवर दगड मी टाकला नाही.

टाकला तर त्यानंच होता. कांद्याच्या चाळीआडून, तिच्या डोळ्यांसमोर. करुणाबाईचा पोरगा संघर्ष निळा झेंडा घेऊन वळला आणि डोळा धरून खालीच बसला. तेव्हापासून दोन्हीकडची पोरं घोळक्यानं फिरत होती. कुणाच्या ओट्यामागं काठ्या आहेत, ते बायकांना झाडता झाडता कळायचं. मग सरपंच सोपानआबांनी तोड काढली – देवळात ते येणार नाहीत, विहारात आपले बसणार नाहीत, तर पंचायतीपुढं बसू, भंडारा सिंधूबाईनं घरून आणावा. जणू चहाला दूधच आणायचं होतं.

इनामगावच्या तिच्या मामानं बांधापायी खोटा भंडारा उचलला होता. वर्षाच्या आत उजवा हात लुळा पडला. डॉक्टर लकवा म्हणाले. डॉक्टरांना बांध कुठं माहीत होता... मामी घास भरवायची आणि मामा चावता चावता रडायचा. आणि माऊलीचा हात – तो तर मी धरून पाटीवर गिरवलाय, देवा.

उचलू नको, एवढं म्हणता आलं असतं. जीभ उचललीच नाही. हात मात्र आपसूक चालले. भंडारा फडक्यात बांधून देव्हाऱ्यात गेला, मिसळणाच्या डब्यातली हळद डबीत आली. देवाला फसवत नव्हती ती, या भानगडीतून नुसती बाहेर ठेवत होती. बरं वाटलं तिला. स्वयंपाकघरातून एवढंच जमतं.

पंचायतीपुढं करुणाबाई उठली. शेजारी पट्टी बांधलेला संघर्ष.

"आबा, आमचा ह्या भंडाऱ्यावर इश्वास न्हाई."

मागून कुणीतरी खाकरलं. तिनं मान वळवली नाही.

"पर सिंधूताईचा हाय. ती लेकराला खोटं उचलू द्यायची न्हाई. त्यानं उचलला, तर आम्ही पोलिसात जात न्हाई."

म्हणजे ही देवाच्या नाही, माझ्या भरवशावर... सिंधूबाईच्या हातात डबी जड झाली. आता बोलावं – पण ओट्यामागच्या त्या काठ्या, आणि पोरांचे ते डोळे –

तोवर माऊलीनं डबीत हात घातला. चिमूट नाही, मूठ. शब्द घडाघडा बोलला. त्याला काय ठाऊक, आत आमटीतली हळद आहे – त्याच्या लेखी तो खंडोबाचाच भंडारा होता. तरी पापणी लवली नाही.

"मिटलं," आबा म्हणाले. करुणाबाईनं सिंधूबाईकडं बघून हात जोडले.

घरी जाताना माऊली पुढं, ती मागं. हात पँटला पुसत तो म्हणाला, "आये, झ्याक काम झालं. डबी हाताशी ठीव. लागंल परत."

"कशाला रं?"

"त्यांची पौर्णिमा हाय की म्होरं." आणि हसला.

ती चालत राहिली, त्या पिवळ्या हाताकडं बघत. तो शीळ वाजवत होता, हात मजेत पुढंमागं हलत होता. बांध ओलांडल्यावर तिच्या ध्यानात आलं – आपण मघापासून तो हात कुठं अडखळतो का ते बघतोय... आणि अडखळत नाही, म्हणून भितोय.