सूर्यास्ताआधीची सात मिनिटं

“दिस बुडालो काय रे, रघू?” राजारामकाकांनी पुन्हा विचारलं.

भोईवाड्याच्या स्मशानात पश्चिमेला गिरणीची भिंत, तिच्यावर धूर. सूर्य दिसत नव्हता. थोरल्या भावाची, दौलतची चिता रचून झाली होती. आईला तोंड बघता यावं म्हणून चेहऱ्यावरचं लाकूड तेवढं ठेवायचं राहिलं होतं. प्रकृती बिघडल्याची तार कालच गेली होती, ती देवगडहून बोटीनं यायची होती. शेजारचा आनंदा तिला आणायला दुपारीच भाऊच्या धक्क्यावर गेला होता, पण बोटीला उशीर झाला होता.

“बुडाल्यार आग देवची नाय. रातभर तसोच ठेवतलंस त्येका? भटजीक विचारून येव?”

“नको काका. आज एकवीस मार्च, दिवस-रात्र सारखी. सकाळी उगवला त्याला बारा तास झाले की मावळला.”

“तू बीएस्सी. सांगशीत तसा.”

जानेवारीत मोर्चावर झालेल्या गोळीबारात पोटात गोळी लागलेला दौलत दोन महिने झुंजला. आज पहाटे तो गेला तेव्हा हॉस्पिटलच्या खिडकीत सूर्याची पहिली कड आली होती. रघुवीरनं घड्याळ पाहिलं होतं. सहा त्रेचाळीस.

आता पुन्हा सहा त्रेचाळीस झाले. फाटकात कुणी नव्हतं. काकांनी चेहऱ्यावर लाकूड ठेवलं. वडील नव्हते, म्हणून अग्नी धाकट्या भावानं, रघुवीरनं दिला. राळ टाकली होती. चिता लगेच धरली.

धुरानं घुसमटून रघुवीर फाटकाबाहेर आला. रस्ता सरळ पश्चिमेला जात होता. त्याच्या टोकाला, दोन चाळींच्या फटीत, सूर्य होता. अख्खा.

हे त्याला येत होतं. पुस्तकातली बरोबरी सूर्याच्या मध्यबिंदूची, आणि तीही हवा नसलेल्या पृथ्वीवरची. माणसं मात्र पहिली कड दिसली की उगवला म्हणतात आणि शेवटची कड बुडेपर्यंत मावळला म्हणत नाहीत. शिवाय हवा प्रकाश वाकवते. पाण्यातलं नाणं वर आल्यासारखं दिसतं, तसा क्षितिजाखाली गेलेला सूर्यही वर दिसत राहतो. सकाळी थोडा लवकर, संध्याकाळी थोडा उशिरापर्यंत. मुंबईत त्यामुळे दिवस सहा-सात मिनिटांनी वाढतो. परीक्षेत त्यानं हे आकृती काढून लिहिलं होतं.

टॅक्सी येऊन थांबली. आनंदाचा हात धरून आई उतरली. तिच्या मोकळ्या कपाळावर ऊन पडलं होतं.

“दिस हा मां अजून,” ती म्हणाली. “माका वाटला, तोंड दिसतला.”

काका घाईनं पुढे आले. “बुडालो होतो गे वयनी.”



“नव्हता बुडाला, काका,” रघुवीर म्हणाला. “आये, माझा हिशेब…”

तिनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. बायकांनी आत यायची रीत नव्हती. ती आत गेली, तिला कुणी अडवलं नाही. चितेपाशी थांबून तिनं विचारलं, “डोक्याची बाजू खंयची?”

ज्वाळांत आता काहीच ओळखू येत नव्हतं. रघुवीरनं हात केला तिकडे ती जाऊन बसली, आणि पदर सारखा केला.