सूपभर कोंडा

लोणावळ्याहून गाडीनं कान्ह्याला माहेरी पोचले, तर आमच्या महिपतीनं विळ्याचं टोक चुलीत खुपसलेलं. हा माझा धाकटा भाऊ एरवी गरीब गाय. आज डोळे विळ्याहून लाल.

"कुनाला डागतोस? म्हशीला?"

"गेण्याला. आक्का, तू मधी पडू नगंस."

गेणू त्याचा थोरला, साडेतीन वर्षांचा. पाठीवर बहीण झाल्यापासून पोरानं रोज एकच उद्योग मांडलेला. म्हशीसाठी ठेवलेल्या कोंड्याचं मडकं लवंडायचं आणि कोंडा उकिरड्यावर नेऊन टाकायचा. धपाटे झाले, उपाशी ठेवून झालं. आज अडवायला उठलेल्या स्वतःच्या आईला तो कडकडून चावला. म्हणून आता डाग. हातावर डाग बसला की पोराचं खूळ जातं, असं आमच्याकडे समजतात. ज्यांना लहानपणी डागलं त्यांचं खूळ कुठं गेलंय, ते कुणी बघत नाही.

त्याची आई कस्तुरा बाळंतिणीच्या बाजेवर तोंडात पदर कोंबून रडत होती. गेणू कणगीच्या मागं, मुठी आवळून. मी त्याच्याशेजारी फतकल मारली.

"कोंडा का टाकतूस रं, बाळा?"

त्यानं नाक ओढलं. मग म्हणाला, "त्यो बोहारणीचा हाय."

"तिचा कसा?"

"आजीनं कोंडा दिऊन मला तिच्याकडनं घेतलंय. आता बाळ झालं. आजी म्हनली, कोंडा माघारी घ्याचा, याला दिऊन टाकायचा. तिनं कोंडा माघारी दिला. आता मला न्हेनार." हुंदका गिळून म्हणाला, "म्या टाकून देतो. कोंडा न्हाई, तर न्हेनं न्हाई."

कापडाला रेशन लागल्यापासून जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी बोहारीण गावात फिरकलीसुद्धा नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आमची आई दारात तांदूळ निवडत होती. खुदकन हसली. "अगं, चेष्टा गं ती! समदीच म्हनत्यात. तुलाबी म्हनलंय, तू कुटं बिघडलीस?"

"ते माझ्या सासूला विचार! चेष्टा तुमची आनि डाग त्याला? महिपती, काढ तो विळा. आधी आयेच्या जिभेला लाव, मग तुझ्या. तूबी हसलास ना?"

त्यानं विळा चुलीतून ओढला. "हसलो," म्हणाला, आणि विळा पाण्याच्या बादलीत टाकला. चर्र झालं.

"आये, आता तूच सांग त्याला."

"पोरापुढं नाक घासू व्हय म्या?" आई फणकारत उठली. तशीच आत गेली आणि सूपभर कोंडा आणून गेणूपुढं आदळला. "ह्यो आपल्या म्हशीचा हाय. कुनी दिला न्हाई, कुनाचा न्हाई. ऊठ, तूच घाल तिला."

गेणूनं सुपाची कड घट्ट धरली. कोंडा घातला, आणि म्हशीनं घमेलं चाटूनपुसून साफ करेपर्यंत जागचा हलला नाही. मग वाकून घमेल्यात बघितलं.

तेवढ्यात शेजारची धोंडाबाई कुडावरून डोकावली. "काय रं कोंड्याच्या पोरा, अजून हितंच? न्हेलं न्हाई व्हय तुला?"

"धोंडे!" आई रिकामं सूप घेऊन कुडाकडं धावली. "पुन्यांदा त्ये त्वांडातनं काढशील तर ह्येच सूप थोबाडात घालीन! माजा नातू हाय त्यो!"

माझ्यासाठी ती अशी कधी कुणावर उठली नव्हती. गेणूनं मागून तिच्या लुगड्याचा सोगा धरला आणि धोंडाबाईला जीभ काढून दाखवली. त्याबद्दल त्याला कुणी काही बोललं नाही.