पुसण्याआधी वाचायचं

मी एक जुना फळा आहे. दीड हात लांब, हातभर रुंद. कपाट करून उरलेल्या फळीला काळा रंग फासून एका सुताराने मला बनवलं, ते एका लहान मुलीच्या पाढ्यांसाठी. पण मित्रांनो, पाढे माझ्या नशिबी फार दिवस नव्हते.

मुलगी बारा वर्षांची झाली, तेव्हा तिच्या बाबांनी मला स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी टांगलं आणि माझ्यावर तीन रकाने आखले : गाणं, मालिका, पुस्तक. सध्या जे मनापासून आवडतंय ते ज्याने त्याने लिहायचं. दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायचं असेल, तर आधी ते ऐकायचं, पाहायचं किंवा वाचायचं, आपलं मत सांगायचं आणि मगच फडकं हातात घ्यायचं. तसं न करता पुसणं हा त्या घरातला गुन्हा होता.

तो पहिल्यांदा केला बाबांनीच. मुलीने लिहिलेलं एक धडधडतं गाणं त्यांनी न ऐकताच पुसून टाकलं आणि छान होतं म्हणाले. काय आवडलं, असं तिने विचारलं. बासरी, असं त्यांनी ठोकून दिलं. त्या गाण्यात बासरीचा मागमूसही नव्हता. शिक्षा म्हणून त्यांना ते तीनदा ऐकावं लागलं. चौथ्यांदा त्यांनी आपणहून ऐकलं. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढचा आठवडाभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलताना ते तेच गुणगुणत राहिले. तेव्हापासून ते मुलीला 'साहेब' म्हणू लागले.

आई या भानगडीत पडत नसे. तुमचं चालू द्या, म्हणत ती भाजी चिरत राही. पण बापलेकीचं भांडण रंगात आलं की तिची सुरी थांबायची, हे मी पाहिलेलं आहे.

मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. मला वाटलं, आता आपली रवानगी माळ्यावर. पण बाबा दर रविवारी सकाळी माझा फोटो काढून तिला पाठवू लागले. तिच्या आवडी ती फोनवर सांगायची आणि ते माझ्यावर लिहायचे. माझे जितके फोटो निघाले, तेवढे त्या घरात कुणाचेच निघाले नसतील.

मग एका रविवारी त्यांनी पुस्तकाच्या रकान्यात लिहिलं : 'पूल बांधणाऱ्या बाईची कादंबरी. साहेब, शेवट पटतो का ते सांगा.' साहेबांनी पुस्तक मागवलं, पण कामाच्या धबडग्यात वाचायचं राहून गेलं. बाबांनी दोनदा विचारलं. ती म्हणाली, बघते. तिसऱ्यांदा विचारायला बाबा उरले नाहीत.

मुलगी रजा घेऊन घरी आली. येताना पुस्तक आणलं आणि झपाट्याने वाचू लागली. शेवटची चाळीस पानं राहिली, तेव्हा तिने ते मिटून फ्रिजवर ठेवून दिलं. का, ते मला कळलं. वाचून झालं असतं, तर नियमाप्रमाणे ती ओळ पुसावी लागली असती. ती जेवताना माझ्याकडे पाठ करून बसायची. रंगारी भिंत रंगवायला आला, तेव्हा मात्र तिने मला स्वतःच्या हातांनी उतरवलं, अक्षराला बोट न लावता.

असे दोन महिने गेले. एका सकाळी ती अंघोळ करून आली आणि दारातच थबकली. पुस्तकाचा रकाना रिकामा होता. आई ओट्याशी फडकं पिळत होती.

"तू पुसलंस?"

"वाचून पुसलंय. रोज दुपारी तू झोपलीस की दहा-दहा पानं वाचत होते."

खडूचं अक्षर एकदा पुसलं की पुसलं, मित्रांनो. मला ते कुठे लपवून ठेवता येत नाही. त्या क्षणी आलं असतं, तर मी ठेवलं असतं.

"मला नाही पटला शेवट," आई तिच्याकडे न बघता म्हणाली. "पूल पुरा झाल्यावर त्या बाईने परत..."

"आई, शेवट सांगू नकोस. माझी चाळीस पानं राहिलीत."

"मग वाच की बाई. माझं मत ऐकायला कुणीतरी नको का घरात?"

मुलगी फ्रिजवरचं पुस्तक घेऊन तिथेच, ओल्या केसांनी, खुर्चीत बसली. दुपारपर्यंत उठली नाही. मग डोळे पुसून म्हणाली की शेवट पटला, त्या बाईने जायलाच हवं होतं. आई म्हणाली, साफ चूक. दोघी इतक्या हिरिरीने भांडल्या की कपातला चहा निवून गेला. दोघींनीही मधूनमधून तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं, पण भांडण थांबवलं नाही.

मित्रांनो, तुमच्या माणसाने एखादं गाणं, एखादं पुस्तक तुमच्यापुढे धरलं, तर 'बघू नंतर' म्हणू नका. आवडलं नाही तर तसं सांगा, खुशाल भांडा. पण त्याला उत्तराची वाट पाहायला लावू नका.

संध्याकाळी आईने खडू उचलला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर लिहिलं. मालिकेच्या रकान्यात, वाकड्या अक्षरात, तिची ती सासू-सुनांची लाडकी मालिका. एकशे बारा भाग झालेत. साहेबांनी मुकाट्याने पहिला भाग लावला.