न आलेला डिपर

भांडणारे दोघेही ट्रक चालवत असले की भांडण चांगलं टिकतं. एक माल भरून निघालेला असतो तेव्हा दुसरा रिकामा परत येत असतो. समोरासमोर बसायची वेळच येत नाही, मग मिटवणार कोण आणि कधी? माझं आणि मास्तरांचं भांडण असं नऊ वर्षं टिकलं.

मास्तर म्हणजे माझे साडू. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलेलं नाही, पण आमच्या गाडीतळावरच्या निम्म्या लोकांना स्टिअरिंग धरायला त्यांनी शिकवलं, म्हणून ते मास्तर. मलाही त्यांनीच शिकवलं, आणि वर स्वतःची मेव्हणीही मलाच सुचवली. "पोरगा घाईगर्दीचा आहे, पण ब्रेक वेळेवर लावतो," एवढी शिफारस सासऱ्यांना पुरली. तेव्हापासून ते मला घाईगर्दे म्हणतात. म्हणजे म्हणायचे.

नऊ वर्षांपूर्वी मालकांनी नवा लांब ट्रेलर मला द्यायचं ठरवलं आणि मास्तर सगळ्या तळासमोर म्हणाले, "अजून सहा महिने थांबा. वळणावर याला स्वतःचं शेपूट आठवत नाही." सगळे हसले. राग माझ्या नाकावर असतोच, त्या दिवशी जिभेवर आला. "तुम्हाला डोळे आहेत का? असले तर तपासून घ्या, गेलेत ते!" असं मी ज्याच्याकडून गाडी शिकलो त्या माणसाला म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर शपथही घेतली, की यांच्या घराची पायरी चढणार नाही. पुढे त्याच सहा महिन्यांत एका वळणावर मी शेपटाने कुंपणाचा खांब आडवा केला. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

पण रस्त्यावरचं वागणं वेगळं. आमच्यात एक रीत आहे. लांब गाडी दुसऱ्या ट्रकला ओलांडून पुढे गेली, तरी आपलं शेपूट मोकळं झालं की नाही हे आरशात नेमकं कळत नाही. ते मागे पडलेल्याला दिसतं. तो हेडलाइट एकदा चमकवतो. त्याला डिपर देणं म्हणतात. म्हणजे, गेलास बाबा, ये आता आत. मग पुढच्याने इंडिकेटर एकदा इकडे, एकदा तिकडे लावून आभार मानायचे. नऊ वर्षांत महिन्यातून एकदोनदा मी मास्तरांना ओलांडत असे. ते कायम काच वाहायचे, त्यामुळे चालणं संथ. दर वेळी त्यांचा डिपर यायचा, दर वेळी माझा इंडिकेटर लागायचा. त्यापलीकडे आम्ही चकार शब्द बोललो नाही.

त्या दिवशी सकाळी बायको डबा भरता भरता म्हणाली, "ताईचा फोन होता. भाऊजींची आज शेवटची फेरी."

"का?"

"तपासणीत डोळे नापास झाले."

मी बुटाची नाडी बांधत होतो. बांधलेलीच परत सोडून बांधली.

"उद्यापासून ते घरी," ती म्हणाली. "म्हणजे माझं ताईकडे जाणं संपलं. ते बाहेर असले की मी जाते, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या शपथेपायी त्यांच्यासमोर बसायची मला लाज वाटते." तिने डब्याचं झाकण जोरात लावलं. "रस्त्यात भेटले तर नुसते पुढे निघून जाऊ नका."

दुपारी, लांबलचक चढाच्या आधी, पुढे मास्तरांचा ट्रक दिसला. मागच्या फळीवरची निळी पट्टी मी मैलावरून ओळखतो. तोवर मी मनात शंभर वाक्यं जुळवली होती आणि एकही बोलण्याजोगं नव्हतं. शेवटी ठरवलं, ओलांडायचं. ते डिपर देतील, आणि या वेळी मी इंडिकेटर एकदा नाही, दहादा लावीन. त्यांना कळेल. भित्र्या माणसाची अक्कल, दुसरं काय!

ओलांडलं. आरशात डोळे लावून बसलो. डिपर आला नाही.

समोरून बस येत होती. अजून एक क्षण वाट पाहिली आणि अंदाजाने गाडी आत घेतली. मागून काहीच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटच्या दिवशी एवढंही देववलं नाही? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच! मी ॲक्सिलरेटर दाबला. इंडिकेटर लावलाच नाही.

पुढचे दोन मैल मी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. तिसऱ्या मैलाला शिव्या संपल्या आणि डोकं चालायला लागलं. हा माणूस अनोळखी टेंपोलाही डिपर देतो. मी डोळ्यांवरून बोललो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने मला डिपर दिला होता. त्याने आज दिला नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय. छातीत दुखतंय का? की खरंच इतकं दिसेनासं झालंय?

चढाच्या पायथ्याशी मी गाडी कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि खाली उतरून उभा राहिलो. थांबलेल्या गाडीला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मास्तरांनीच शिकवलेलं. ते धडधाकट असतील तर थांबतील. तेवढ्या पाच मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, मला ते पाळायचं नाहीये.

निळ्या पट्टीचा ट्रक आला, मागे थांबला. मास्तर हत्यारांची पेटी घेऊन उतरले. केस पिकलेले, चाल तीच.

"काय बिघडलं?" त्यांनी विचारलं. नऊ वर्षांतला पहिला शब्द.

"डिपर का नाही दिलात?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "यासाठी थांबलास?"

"मला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालं."

"दिला की! तुझं शेपूट माझ्या बंपरपासून हातभर सुटलं तेव्हा दिला. बसला घाबरून तू घाई केलीस, ते सोड. दोनदा दिला."

"आला नाही."

"दिला."

"मास्तर, आला नाही!"

एक टँकर हळू होत आमच्याशेजारी आला. चालकाने काच खाली केली. "काही मदत?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "साडू भेटलाय."

"मग मी काय मदत करणार," असं म्हणून टँकरवाला हसत निघून गेला.

साडू. मी मान खाली घालून त्यांच्या ट्रकचं फ्यूजचं झाकण उघडलं. हेडलाइटचा फ्यूज जळून काळा पडला होता. डिपर लागला हे दाखवणारा डॅशवरचा निळा दिवा कधीच मेलेला, त्यामुळे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. भर दुपारी हेडलाइटकडे कोण बघतं? माझ्या गाडीत जादा फ्यूज होते. जादा फ्यूज ठेवायचे, हेही त्यांचंच शिकवणं. मी नवा बसवला आणि ट्रकच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिलो.

"द्या," मी ओरडलो.

उजेड डोळ्यांवर आला आणि गेला.

"आला का?" वरून त्यांनी विचारलं.

आला होता. "नाही," मी म्हणालो.

पुन्हा उजेड आला. "आता?"

"नाही."

पुन्हा. मग पुन्हा. मी रस्त्याच्या कडेला भर उन्हात उभा होतो, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं त्याचा दोष मी हेडलाइटला देत होतो. मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"घाईगर्दे, डोळे माझे गेलेत की तुझे?"

"माझे," मी म्हणालो. "तेव्हापासून माझेच गेलेत, मास्तर."

त्यांनी दिवा बंद केला. मग खाली उतरले, फडक्याने स्वतःचे हात पुसले आणि तेच फडकं माझ्या हातात दिलं. तेलकट होतं. मी त्यानेच तोंड पुसलं.

"बायकोला सांग," ते म्हणाले, "मी घरी असतानाही येत जा म्हणावं. कितीदा लवकर परत आलोय आणि दारात तिच्या चपला बघून पुन्हा कोपऱ्यावर गाडीत जाऊन बसलोय. एकदा तर दोन तास."

"दोन तास? आत का नाही गेलात?"

"दोघी हसत होत्या रे. मी आत गेलो असतो तर ती उठून निघाली असती." त्यांनी पेटी उचलली. "रस्ता द्यायचा असतो ना माणसाने."

नऊ वर्षं मी महिन्यातून दोनदा इंडिकेटर लावून स्वतःला सभ्य समजत होतो.

"उद्या सकाळी दोघंही या," ते चढता चढता म्हणाले. "आणि तू पायरी चढणार नसशील तर सांग, खुर्ची अंगणात टाकतो."

"चढतो," मी म्हणालो. "चल, हो पुढे," असं ते म्हणाले तेव्हा मात्र मी ऐकलं नाही. हाताने त्यांनाच रस्ता दाखवला. जन्मात पहिल्यांदा मी सगळा चढ मास्तरांच्या मागे त्यांच्याच चालीने चढलो. माझ्या मागे तुंबलेल्या मोटारींनी हॉर्न वाजवून वाजवून काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

माथ्यावर एक बस आम्हा दोघांना ओलांडून गेली. मागून मला मास्तरांचा डिपर दिसत नव्हता. पण बस त्यांच्या पुढे झाली, आत आली, आणि तिचा इंडिकेटर एकदा इकडे, एकदा तिकडे लागला. डिपर पोचला होता.