थेंबभर तेल

"काका, चूक माझीच आहे," अवधूत म्हणाला. खांद्यावरची लांब पिशवी त्याने काउंटरवर अलगद ठेवली आणि तो दोन पावलं मागे सरकला. "तुम्ही बजावलं होतंत, तेलाचा स्प्रे मारू नकोस म्हणून. मी ख्रिसमसच्या सुट्टीत मारला. सगळीकडे मारला."

हिलेल वाक्रूळकरने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "आधी झालं काय ते सांग."

"काल सकाळी क्लबमध्ये होतो. प्रचंड फ्रॉस्ट होता. मी काडतुसं भरली, बंदूक मिटली, आणि ती उडाली. चापाला बोटसुद्धा लागलं नव्हतं, काका. नुसती मिटली आणि धाड! बुटापासून वीतभर अंतरावर जमिनीत एवढं भोक." त्याने हातांनी दाखवलं, मग हात खिशात घातले. "निवेदिता, माझी बायको, शेजारीच उभी होती. फ्लास्कमधून चहा ओतत होती."

"लागलं कुणाला?"

"नाही. पण ती कालपासून बोलत नाहीये."

क्लबच्या सेफ्टी ऑफिसरने तिथल्या तिथे त्याला घरी पाठवलं होतं आणि पोलिसांच्या लायसन्स खात्याला कळवलं होतं. आता दुकानातल्या कारागिराने बंदूक उघडून काय बिघडलं ते लेखी द्यायचं होतं. मालकाने निष्काळजीपणा केला असं निघालं, तर बंदूक बाळगायचं सर्टिफिकेट रद्द.

"सर्टिफिकेटचं जाऊ दे हो," अवधूत म्हणाला, "पण मे महिन्यात आमचा इनडेफिनेट लीव्हचा, इथे कायम राहायच्या परवानगीचा फॉर्म जायचाय. त्यात पोलिसांचं काही निघालं, तर पाच वर्षं पाण्यात."

"बघतो. उद्या फोन करतो तुला."

अवधूत गेला. दारावरची घंटा वाजून थांबली तरी हिलेल पिशवीवर हात ठेवून तसाच उभा होता. सोमवारची सकाळ, अजून दहाही वाजले नव्हते, आणि त्याला दिवस संपल्यासारखं वाटत होतं.

चेशममधल्या या बंदुकांच्या दुकानात तो अडतीस वर्षं काम करत होता. त्याआधी हा कोकणातला बेने इस्रायल, मराठी बोलणारा ज्यू, मुंबईला गोदीतल्या शस्त्रागारात होता. तिथून बथशेबाशी लग्न करून तो लंडनला आला, पिनरला घर केलं, आणि रोज मेट्रोपोलिटन लाइनने इथे येत राहिला. दुकानाच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी त्याचं टेबल होतं. शेतकरी, जमीनदार, निवृत्त कर्नल, सगळ्यांच्या बंदुका त्या टेबलावर उघडल्या जात. त्या माणसांपैकी बहुतेकांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. बंदूक 'हिल'ने साफ केली आहे एवढं त्यांना पुरत असे.

अवधूत मात्र दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा आला तो थेट मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. पुण्याचा मुलगा, मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिसातल्या कुणी तरी त्याला मातीच्या तबकड्या उडवायच्या क्लबात नेलं आणि त्याला ते आवडलं. "आठवडाभर मॅनेजरचा आवाज डोक्यात असतो काका," तो एकदा म्हणाला होता, "तो फक्त तिथे बंद होतो." हिलेलचं आडनाव पावतीवर वाचून त्याने बिचकत विचारलं होतं, "तुम्ही मराठी?" तेव्हापासून दुकानात मराठी ऐकू येऊ लागलं. घरी बथशेबाशी तेवढं उरलं होतं. मुलगी डेबोरा इंग्रजीतच उत्तर देई.

गेल्या ऑक्टोबरात तो बंदूक साफ करायला घेऊन आला, तेव्हा त्याने विचारलं होतं, "काका, ग्रीस की ऑइल? नेटवर लोक नुसते भांडतायत. एक म्हणतो सगळीकडे ग्रीस, दुसरा म्हणतो ग्रीस म्हणजे मर्डर."

हिलेलला तो प्रश्न मनापासून आवडला होता. कुणी विचारतच नसे. त्याने दुनळी मधोमध उघडून दाखवली होती. "हा सांधा बघ. नळ्यांचं सगळं ओझं इथे घासतं. इथे ग्रीस. तेल लावलंस तर चार बारांत पिळून बाहेर येईल. आणि आत घोडा असतो, खटका असतो. घोड्याच्या खाचेत खटक्याचं टोक बसतं, तांदळाच्या कणीएवढं. त्यावर घोडा अडून राहतो. तिथे तेल. पातळ. एक थेंब. जास्त झालं की दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड कुजतं."

"आणि तिथे ग्रीस लावलं तर?"

"उन्हाळ्यात काही होणार नाही. थंडीत घट्ट होईल. खटका पुरता बसणार नाही. मग बंदूक कुणाचं ऐकत नाही."

हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

त्याने पिशवीतून बंदूक काढली, टेबलावर घेतली, दस्ता सोडवला. स्क्रू सोडवायला पूर्वी पाच मिनिटं लागत, आता वीस लागली. स्क्रू-ड्रायव्हरची पाती दोनदा घसरली. बाहेरच्या भागावर, नळ्यांवर स्प्रेचा वास होता, अवधूत खोटं बोलला नव्हता. पण स्प्रे वरवरच राहिला होता. आत त्याचा मागमूस नव्हता.

आत ग्रीस होतं. घोड्यावर, खटक्यावर, त्या कणीएवढ्या खाचेत, थंडीत थिजलेल्या तुपासारखं, पिवळं. हिलेलने काडीच्या टोकावर थोडं घेतलं. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. त्याच्या टेबलावरच्या डब्यातलंच होतं.

तो खुर्चीत मागे रेलला. खिडकीबाहेर अंगणातल्या बादलीत बर्फाची चकती धरली होती.

सव्वा वर्षापूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी नुसता अंगठा, मग मनगट. तेल घालायच्या सुईच्या टोकाला थेंब धरायचा, तो त्या खाचेवर न्यायचा आणि सोडायचा, हे काम त्याने आयुष्यात किती हजार वेळा केलं असेल. आता थेंब वाटेतच सांडे. एकदा एका कर्नलच्या अक्रोडाच्या दस्त्यावर सांडला, तो डाग त्याने दोन दिवस घासला. मग एके दिवशी त्याने सुई ठेवून दिली आणि काडीने ग्रीस लावलं. ग्रीसला स्थिर हात लागत नाही. लावाल तिथे ते चिकटून राहतं. जरासंच लावायचं, असं त्याने स्वतःला समजावलं. गेल्या हिवाळ्यात फार थंडी पडली नाही. काही झालं नाही. त्या 'काही झालं नाही'च्या आधारावर त्याने वर्ष काढलं, आणि ऑक्टोबरात त्या मुलाला एक थेंब तेलाचं शहाणपण सांगून, त्याच दुपारी त्याच्याच बंदुकीत काडीने ग्रीस भरलं.

कॉलिन चहाचे दोन मग घेऊन आत आला. दुकान आता त्याचं होतं. वडील गेले तेव्हा तो तिशीत होता. हिशेब, गिऱ्हाइकं, पोलिसांचे कागद सगळं तो बघायचा. टेबलावरचं काम मात्र त्याला कधी जमलं नाही.

"त्या इंडियन मुलाचं बघताय ना?" तो म्हणाला. "स्प्रे मारला म्हणून स्वतःच कबूल केलंय त्याने. मला फोनवर पण सांगितलं. तेच लिहून टाका, हिल. दोन ओळींत संपेल."

कॉलिनने चहाचा मग त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि तो बाहेर गेला. डाव्या हाताशी का ठेवला, हे हिलेलच्या मनात उगाच टोचून गेलं.

परतीच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली. समोर कुणी तरी पेपर वाचत होतं. दोन ओळी लिहायला काय लागतं, याचा तो विचार करत होता. त्या खोट्याही नव्हत्या. स्प्रे मारलाच होता. मुलगा स्वतःच्या मनात आधीच दोषी होता, त्याला फार धक्काही बसला नसता. एप्रिलमध्ये हिलेल सदुसष्टचा होऊन रीतसर निवृत्त होणार होता. कॉलिनने हॉटेलात जेवण ठरवलं होतं. अडतीस वर्षांच्या शेवटी एक जेवण आणि चांगलं नाव, याहून त्याला काही नको होतं. तो इतका थकला होता, की खोटं लिहिणं आणि खरं लिहिणं दोन्ही त्याला सारखंच जड वाटत होतं.

मग त्याला ती मुलगी आठवली, जिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. फ्लास्कमधून चहा ओतणारी. आणि त्यापाठोपाठ बाकीच्या बंदुका आठवल्या. त्या आत्ता, याच थंडीत, कुणाकुणाच्या घरी लोखंडी कपाटांत उभ्या होत्या.

मंगळवारी सकाळी त्याने रिपोर्ट लिहिला. अक्षर वाकडं आलं, म्हणून कॉलिनकडे टाइप करायला दिला. कॉलिन उभ्याउभ्या वाचू लागला आणि मधेच थांबला.

"हे काय आहे?"

"खरं आहे. खटक्यात ग्रीस आहे. मी लावलं. स्प्रेचा काही संबंध नाही."

"हिल, आपण हे असं..."

"आणि हे." हिलेलने कामाच्या वहीतून उतरवलेला कागद पुढे केला. "एकतीस."

"काय एकतीस?"

"गेल्या जानेवारीपासून आतली घोडा-खटक्याची कळ उघडून साफ केलेल्या बंदुका. सगळ्यांत तेच आहे. सगळ्यांना आजच फोन करावा लागेल. काडतूस घालू नका म्हणावं, इकडे आणून द्या."

कॉलिन स्टुलावर बसला. कागदावरच्या नावांवरून त्याने बोट फिरवलं. मग त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ हिलेलच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "तुम्ही मला सांगायला हवं होतंत."

"हो."

"मला दिसत होतं," कॉलिन म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "दिसत होतं, आणि मीही विचारलं नाही."

अवधूतला फोन हिलेलने स्वतः केला. सगळं सांगितलं, काही न वगळता.

"म्हणजे माझी चूक नव्हती," अवधूत म्हणाला.

"नाही. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलंय. तुझ्या फॉर्मला काही होणार नाही."

"काका, मी दोन रात्री झोपलो नाहीये." त्याचा आवाज हळूहळू चढला. "निवेदिता माझ्या शेजारी उभी होती, काका. तुम्हाला माहीत होतं ना, थंडीत काय होतं ते? तुम्हीच तर मला सांगितलं होतंत!"

"मीच सांगितलं होतं."

"मग?"

हात थरथरतो हे त्याने आधीच सांगितलं होतं. ते पुन्हा सांगणं म्हणजे दया मागण्यासारखं झालं असतं. "माझं चुकलं," तो म्हणाला. अवधूतने फोन ठेवला.

पुढचे तीन आठवडे बंदुका येत राहिल्या. काहीजण समजुतीने वागले, काहीजण काउंटरवर ओरडून गेले. तो कर्नल म्हणाला, यापुढे मी दुसरीकडे जाईन, आणि तसा गेलाही. पोलिसांकडून एक माणूस येऊन कागद बघून गेला. हिलेल रोज एकेक कळ उघडायचा, रॉकेलमध्ये बुडवून जुनं ग्रीस धुवायचा, फडक्याने कोरडी करायचा. धुवायला थरथरता हात चालतो. मग कॉलिन बाह्या सरसावून शेजारी बसे आणि सुई हातात घेई. पहिल्या दिवशी त्याने सगळीकडे तेलाचं तळं केलं.

"पूस. पुन्हा घे."

"किती?"

"एक थेंब. टोकाला लटकला पाहिजे. श्वास सोड, मग टेकव. हं. आता हात काढ."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कॉलिनचा थेंब जागेवर पडू लागला. हिलेल भिंग धरून प्रत्येक खाच तपासत असे. तपासून झाल्यावर नुसती मान हलवत असे. सांध्याला ग्रीस मात्र तो स्वतः लावी.

एका गुरुवारी अवधूत आला. सर्टिफिकेटला काही झालं नव्हतं. मागच्या खोलीत न येता तो काउंटरवरच थांबला आणि बंदूक दुकानालाच परत विकायची आहे असं त्याने कॉलिनला सांगितलं. निवेदिताला घरात नको होती. कागद व्हायला दहा मिनिटं लागली. हिलेल रॉकेलचे हात घेऊन दारात येऊन उभा राहिला. निघताना अवधूत वळला.

"येतो, काका."

"ये."

तो पुन्हा येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

एकतिसावी बंदूक फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी पुरी झाली. हिलेलने टेबल पुसलं, हत्यारं जागच्या जागी लावली आणि कॉलिनला सांगितलं, की एप्रिलपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, आणि जेवण नको. कॉलिनने फार आग्रह केला नाही. स्टेशनपर्यंत गाडीने सोडतो म्हणाला. हिलेल चालत गेला.

पिनरला पोचला तेव्हा दिवस मावळत होता. बथशेबाने टेबलावर पांढरी चादर घालून दिवे लावले होते. घरात शुक्रवार संध्याकाळची, शब्बाथ सुरू होतानाची शांतता होती. हात धुऊन, डोक्यावर टोपी घालून तो टेबलाशी उभा राहिला. बथशेबाने भिजवलेल्या मनुकांचं शरबत गाळून आणलं आणि चांदीचा प्याला पुढे घेतला. वर्षभर ती तो अर्धाच भरत होती. डॉक्टरने गोड कमी करायला सांगितलंय, असं त्याने तिला सांगितलं होतं, आणि कुठल्या डॉक्टरने, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"अहो, केवढा भरू?" तिने विचारलं.

"काठोकाठ," तो म्हणाला. "भरायचा असतो तसा."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि प्याला शिगोशीग भरला. हिलेलने उजवा हात पुढे केला. प्याला उचलताच शरबत हेलकावलं. बथशेबाने आपला हात त्याच्या हाताखाली धरला. तो प्रार्थना म्हणू लागला. आवाज स्थिर होता. शरबताचे थेंब दोघांच्या बोटांवरून ओघळून पांढऱ्या चादरीवर पडत राहिले, आणि प्रार्थना संपेपर्यंत कुणीही ते पुसले नाहीत.