चिंचेच्या बुंध्यापुढे हात जोडणारा ट्रॅक्टर

मुलांनो, डोळे मिटू नका, चांगले उघडे ठेवा आणि कल्पना करा. गोराईतलं एक घर. दारापर्यंत चाळीस पावलांची खडीची वाट. वाटेच्या मधोमध, वादळात पडलेल्या चिंचेचा उरलेला बुंधा. त्याला साखळीने बांधलेला ट्रॅक्टर घुर्र करतो आणि बघता बघता त्याची पुढची दोन्ही चाकं हवेत उचलली जातात. चालवणाऱ्या आकाशने घाबरून क्लच दाबला तेव्हा कुठे तो धाडकन खाली आला.

"बघितलंत? यंत्रसुद्धा पुढचे पाय जोडतं," गावात भूतबाधा उतरवणारा जयवंत भगत म्हणाला. बुंध्यात मुंजा आहे, त्याला डिझेलचा वास खपत नाही, पेढे मात्र चालतात, त्यातही केशरी, असं त्याने समजावलं. बुंधा काढू नका, वर चौथरा बांधा.

जमलेल्या गर्दीने हात जोडले. सगळ्यांत पुढे, चपला काढून, घराचे मालक मार्तंड सर उभे होते. सरांनी बोरिवलीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं.

खरं तर घोळ सरांनीच घातला होता. ट्रॅक्टरला मागे खोदायचा हात लावून आणतो, असं आकाश म्हणत होता. सर म्हणाले, साखळी पुरे. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी बलाचं गणितही मांडून दाखवलं. आकाशने साखळी खालच्या आकड्याला अडकवली. चाकं जागच्या जागी फिरली, खडी सरांच्याच नडग्यांवर उडाली, बुंधा ढिम्म. तेवढ्यात भगत आला. साखळी मंत्रून त्याने स्वतःच्या हाताने, ट्रॅक्टरच्या सीटच्याही वरच्या दांडीला बांधली. पुढचा चमत्कार तुम्ही पाहिलाच.

चौथरा झाला की वाट बंद. आणि खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सरांच्या पत्नी वसुधाबाई रविवारी चाकाच्या खुर्चीतून घरी यायच्या होत्या. सरांनी त्यांना फोन केला, काही महिने नाहूरला लेकीकडे राहा म्हणाले. वसुधाबाई एवढंच म्हणाल्या, "माझं घर आहे ना ते?"

सुट्टीला आलेली नात, दहा वर्षांची गंधाली, शेजारीच बसली होती. तिने खेळण्यातला ट्रॅक्टर आणि दोरा आणला. आजोबांना मागची चाकं घट्ट धरायला लावली. दोरा तळाशी बांधून मागे ओढला, काही झालं नाही. तोच सीटच्या वर बांधून ओढला, तर पुढची चाकं उचलली गेली.

"आजोबा, यातपण मुंजा आहे का?"

सरांचे कान लाल झाले. ओढ जितकी उंचावर, तितकं उलटणं सोपं. हाच प्रश्न ते दरवर्षी दोन मार्कांना घालत.

दुसऱ्या दिवशी गंधालीने सगळ्यांसमोर तेच करून दाखवलं. भगत हसला, खेळण्याची गोष्ट वेगळी म्हणाला. मग मंत्रलेली साखळी खाली बांधून दाखवा, असं ती म्हणाली. खाली बांधली की मंत्र बाटतो, असं उत्तर आलं. तेव्हा शेजारच्या सुगंधाकाकू पुढे झाल्या.

"जयवंता, तुझ्या भावाचो ट्रॅक्टर असोच उलटलो होतो ना रे? तेव्हा खंयचो मुंजो होतो?"

भगताने पिशवी उचलली. पेढे तेवढे घेऊन गेला.

मुलांनो, हे नुसतं हसण्यावारी नेऊ नका. क्लच दाबायला क्षणभर उशीर झाला असता तर आकाश ट्रॅक्टरखाली गेला असता. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी साखळी कुठे बांधली आहे ते बघा. ती कोणी बांधली, तेही विचारा. आणि वय झालेला, चष्मेवाला मास्तर हात जोडतोय म्हणून तुम्ही जोडू नका. त्याचंही चुकतं.

आकाश खोदायचा हात लावून आला. बुंध्याभोवतीची माती काढून त्याने एकेक मूळ तोडलं, तेव्हा बुंधा मुकाट्याने बाहेर आला. मग ट्रॅक्टरमागे रुंद पातं लावून खडी सपाट केली, वर बारीक कच पसरून रोलर फिरवला. सर खूश झाले, काम संपलं म्हणाले.

गंधालीला ते पटलं नाही. ती भाड्याने आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसली, मांडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला धरला आणि आजोबांना ढकलायला सांगितलं. पाणी तीन ठिकाणी सांडलं. तिन्ही ठिकाणी उतरून तिने एकेक काटकी खोचली आणि आकाशला हाक मारली, "दादा, इथे परत पातं फिरव."